नागरी सुरक्षेत केंद्रीभूत संनियंत्रण केंद्रांची भूमिका : मुंबईच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
पारंपरिक गावगाड्यात गावाची राखण जागल्या व रामोशी यांच्याकडे असे. चोरी झाल्यास चोराचा माग लावून देणे हे राखणदाराचे कर्तव्य होते. माग न लागल्यास नुकसान भरून देण्याचा बोजाही पुष्कळदा त्याच्यावरच येई. पाहणे, धावून जाणे आणि उत्तर देणे या तिन्ही जबाबदाऱ्या अशा रीतीने एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटलेल्या होत्या. महानगरात मात्र या जबाबदाऱ्यांची फारकत झाली आहे. पाहतो कॅमेरा, धावून जाते गस्तीचे वाहन आणि उत्तर कोणी द्यायचे हे पुष्कळदा अनिश्चित राहते. ही फारकत सांधण्यासाठी निर्माण झालेली यंत्रणा म्हणजे केंद्रीभूत संनियंत्रण केंद्र होय. या केंद्राचे स्वरूप, उपयुक्तता व मर्यादा यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

मुंबईची पार्श्वभूमी :
२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील कॅमेऱ्यांनी हल्लेखोरांचे चित्रण केले आणि पुढे ते न्यायालयात पुरावा म्हणून सादर झाले. तथापि, त्या रात्री संपूर्ण शहराचे चित्र एकाच ठिकाणी पाहून निर्णय घेता येईल अशी व्यवस्था उपलब्ध नव्हती. हल्ल्याच्या चौकशीसाठी राज्य शासनाने राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली द्विसदस्यीय समिती नेमली. त्यानंतर शहरव्यापी कॅमेरा-जाळ्याच्या विचाराला चालना मिळाली. निविदा प्रक्रियेतील दीर्घ विलंबानंतर २ ऑक्टोबर २०१६ रोजी हा प्रकल्प पूर्णतः कार्यान्वित झाला. सुमारे १,५०० ठिकाणचे सुमारे ४,७०० कॅमेरे त्याद्वारे पोलीस नियंत्रण कक्षाशी जोडले गेले.

कार्यपद्धती :
संनियंत्रण केंद्राचे कार्य चार टप्प्यांत विभागता येते : दृश्य वा दूरध्वनीद्वारे माहिती मिळणे, तिचा अर्थ लावणे, जवळच्या पथकाला आदेश देणे आणि घटनेची नोंद जतन करणे. महाराष्ट्रात २०२१ मध्ये सुरू झालेली ‘११२’ ही आपत्कालीन सेवा याचे उत्तम उदाहरण आहे. नवी मुंबई येथील मुख्य व नागपूर येथील पर्यायी केंद्रात येणारा दूरध्वनी संबंधित जिल्ह्याकडे वर्ग केला जातो. वाहनांचे स्थान उपग्रहाधारित प्रणालीमुळे पडद्यावर दिसत असल्याने सर्वांत जवळचे वाहन पाठविता येते. येथे केंद्राचे यश कॅमेऱ्यांच्या संख्येवर नव्हे, तर मदत पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेवर मोजले जाते, ही बाब लक्षणीय आहे.

उपयुक्ततेचे प्रमाण :
पायझा, वेल्श, फॅरिंग्टन व थॉमस यांनी २०१९ मध्ये ४० वर्षांतील मूल्यमापनांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार कॅमेरे बसविलेल्या क्षेत्रांत गुन्ह्यांत सुमारे १३ टक्के घट आढळते. सर्वाधिक परिणाम वाहनतळांवर दिसून येतो. याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, केवळ चित्रण साठविणाऱ्या यंत्रणेपेक्षा प्रत्यक्ष लक्ष ठेवले जाणारी यंत्रणा अधिक परिणामकारक ठरते. म्हणजेच, कॅमेऱ्यामागे जागरूक मनुष्य असेल तरच कॅमेऱ्याचे सार्थक होते.

मानवी मर्यादा :
हा मनुष्य सतत जागरूक राहू शकतो काय? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवर पहारा देणाऱ्यांच्या अडचणीच्या संदर्भात प्रयोग केले आणि १९४८ मध्ये त्यांचे निष्कर्ष मांडले. एकसुरी निरीक्षणात पहिल्या अर्ध्या तासानंतरच सूक्ष्म बदल टिपण्याची क्षमता लक्षणीय घटते, असे त्यांना आढळले. एका कर्मचाऱ्यापुढे अनेक पडदे ठेवून त्याला तासन्तास बसविणे म्हणूनच व्यर्थ ठरते. कामाच्या छोट्या पाळ्या, नियमित विश्रांती आणि मर्यादित पडदे या बाबी त्यामुळे सोयीच्या नसून सुरक्षेच्या ठरतात. संशयास्पद हालचालीचा इशारा देणारी संगणकीय प्रणाली साहाय्यक ठरू शकते. परंतु इशाऱ्याचा अर्थ लावण्याचे दायित्व माणसाचेच राहते.

विधी व उत्तरदायित्व :
चित्रण न्यायालयात टिकण्यासाठी विहित पद्धतीचा अवलंब अनिवार्य आहे. जालना येथील निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने मूळ साधन सादर केलेले नसल्यास इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची तरतूद आहे.

दुसरीकडे, पुट्टस्वामी प्रकरणात (२०१७) नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणाचा हक्क मूलभूत ठरविला. त्यामुळे नागरिकांवरील पाळतीला कायद्याचा आधार, वैध हेतू आणि हेतूशी प्रमाणबद्धता या कसोट्यांवर उतरावे लागते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याने अधिसूचित शासकीय यंत्रणांना सूट देण्याची मुभा केंद्र शासनास दिली आहे. चित्रण कोण पाहतो, ते किती काळ ठेवले जाते आणि केव्हा नष्ट होते, हे प्रश्न त्यामुळे अधिकच कळीचे बनतात. परमवीरसिंग सैनी प्रकरणात (२०२०) न्यायालयाने पोलीस ठाण्यांतच कॅमेरे बसविण्याचा व चित्रण १८ महिने, ते अशक्य असल्यास किमान एक वर्ष जतन करण्याचा आदेश दिला. पाहणाऱ्यावरही पाहणी हवी, हेच तत्त्व त्यातून अधोरेखित झाले.

समारोप :
संनियंत्रण केंद्र हे सुरक्षेचे साधन आहे, सुरक्षा नव्हे. प्रशिक्षित मनुष्यबळ, तत्पर प्रतिसाद, कॅमेऱ्यांची नियमित देखभाल आणि वापराची स्वतंत्र तपासणी यांच्या अभावी ते केवळ झालेल्या घटनांचे संग्रहालय ठरेल. जागल्या गावाला ओळखत होता आणि गावही जागल्याला ओळखत होते. गावाला तो उत्तर देण्यास बांधील होता. आधुनिक केंद्राकडे त्याच्याहून कितीतरी अधिक डोळे आहेत. त्याचे उत्तरदायित्व मात्र अद्याप घडवावयाचे आहे.