वास येत नाही? आधी हे गैरसमज दूर करा

शेलू गावातल्या अनेक घरांतली कमावती माणसं सकाळच्या लोकलने निघून जातात आणि मागे आजी-आजोबाच उरतात. त्यांची नजर अधू झाली, ऐकू कमी आलं की घरच्यांच्या लगेच लक्षात येतं. नाकाची चौकशी मात्र कोणी करत नाही. वयाबरोबर वास घेण्याची शक्तीही कमी होते.

गैरसमज : सर्दी आहे, येईल आपोआप.
वस्तुस्थिती : सर्दीत गेलेला वास बहुतेक वेळा परत येतो. पण कोविड, जुनाट सायनस, नाकातले पॉलिप (मऊ गाठी) किंवा दुचाकीवरून पडून डोक्याला बसलेला मार यांमुळेही वास जातो. पार्किन्सनमध्ये तर हात थरथरू लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी वास कमी झालेला असू शकतो.

गैरसमज : बाम झोंबतो, म्हणजे नाक ठीक आहे.
वस्तुस्थिती : ते झोंबणं वासाच्या नसेमुळे नव्हे, चेहऱ्याच्या वेगळ्या नसेमुळे जाणवतं. वास पूर्ण गेलेल्यालाही बाम झोंबतो.

गैरसमज : चव तर जिभेला कळते.
वस्तुस्थिती : जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसरसासारखी रुचकर चव) एवढंच कळतं. बटाटेवड्यातलं आलं, लसूण, कोथिंबीर ओळखू येते ती घशामागून नाकात चढणाऱ्या वासाने. तो नसला की जेवण नकोसं होतं. काही जण मीठ-साखर वाढवत जातात. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर ते घातक ठरतं. आमटी आंबल्याचंही कळत नाही.

गैरसमज : गॅस गळला तर कळेलच.
वस्तुस्थिती : स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मरकॅप्टन मिसळतात. नाकच काम करत नसेल तर तो इशारा वाया जातो. अशा घरात गॅस डिटेक्टर बसवा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडर वापरत असाल तर डिटेक्टर जमिनीलगत लावा. गळतीची शंका आली तर विजेच्या बटणांना हात न लावता दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर पडून 1906 वर फोन करा.

गैरसमज : गेलेला वास परत येतच नाही.
वस्तुस्थिती : नाकातल्या वासाच्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होतात. जर्मनीतल्या संशोधकांनी 2009 मध्ये रुग्णांकडून 12 आठवडे, दिवसातून दोनदा गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे वास घेण्याचा सराव करून घेतला. त्यातल्या काहींना फायदा झाला. सगळ्यांनाच होतो असं नाही, पण हा सराव घरी सहज करता येतो.

आजच घरातल्या ज्येष्ठांना डोळे मिटायला सांगा आणि वेलची हुंगायला द्या. ओळखता आली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका.