डेंग्यूत अंग का मोडून येतं?

पावसाळ्यात सोलापुरात डेंग्यू डोकं वर काढतो. पण डेंग्यूचा विषाणू शिरला, की पेशीला हा घुसखोर कळतो कसा? आपल्या संदेशवाहक आरएनएच्या टोकाला रासायनिक टोपी असते, चादरीच्या शिवलेल्या काठासारखी. विषाणू स्वतःच्या प्रती काढताना मात्र उघड्या टोकाचा दुपदरी आरएनए तयार होतो. पेशीतलं ‘रिग-आय’ प्रथिन नेमकं तेच टोक पकडतं, आकार बदलतं आणि इशारा देतं. मग पेशीतून इंटरफेरॉन हे निरोप देणारं प्रथिन स्रवतं, शेजारच्या पेशी सावध होतात. अंग मोडून येण्यात त्याचा मोठा वाटा. औषध म्हणून इंटरफेरॉन टोचून घेणाऱ्यांनाही अशीच कणकण येते. डेंग्यू मात्र विलक्षण चतुर! इंटरफेरॉनचा निरोप पेशीकेंद्रात नेणारं ‘स्टॅट-2’ प्रथिन तो पेशीच्याच यंत्रणेकडून नष्ट करवतो.