माळ्यावरचा ग्रास कटर पुन्हा सुरू करताना

पावसाळ्यात बागेत गवत वाढलं की माळ्यावरचा ग्रास कटर आठवतो. पण दोन-तीन वर्षं बंद असलेल्या टू-स्ट्रोक मशीनची दोरी लगेच ओढू नका. आधी एवढं करा:

🔧 जुनं पेट्रोल काढून टाका. त्यातलं इथेनॉल ओलावा धरतं, रबराच्या नळ्याही खराब करतं. नळी वाकवून बघा. चिरा दिसल्या तर बदला.

🔧 टाकीत नळीच्या टोकाला छोटा फिल्टर असतो. तारेच्या आकड्याने बाहेर ओढून तपासा.

🔧 खरं दुखणं बहुधा कार्बोरेटरमध्ये असतं. त्यातला पातळ डायफ्रॅम मऊ हवा. कडक, सुरकुतलेला असेल तर नवीन किट टाका. जेटमध्ये तार खुपसू नका, भोक मोठं होतं. क्लीनर स्प्रे मारा.

🔧 प्लग काढून सिलिंडरमध्ये टू-टी ऑइलचे चार थेंब सोडा, दोरी हळू ओढून पिस्टन मोकळा करा.

🔧 ताज्या पेट्रोलमध्ये ऑइल मॅन्युअलप्रमाणेच घाला. प्रमाण ५०:१ असेल तर लिटरला २० मिली. फोर-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल अजिबात मिसळू नका.

हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पुढच्या वर्षीचा निम्मा ताप वाचेल.