पेशीला रंग न लावता तिचा फोटो! 🔬

दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, हे आपल्याला ठाऊक आहे. सयाजीरावांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या त्याच कलाभवनातून पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा उभी राहिली. तिथल्या अप्लाइड फिजिक्स विभागात कॅमेऱ्यासमोर नट नव्हे, रक्तपेशी आल्या!

तांबडी पेशी सुटी पाहिली तर जवळपास पारदर्शकच. म्हणून लॅबमध्ये स्लाइडवर रंग चढवतात. डिजिटल होलोग्राफिक मायक्रोस्कोपला त्याची गरज नाही.

👉 लेझरचा एक भाग पेशीतून जातो, दुसरा मोकळ्या जागेतून.
👉 पेशीतला प्रकाश किंचित मागे पडतो.
👉 दोन्ही भेटले की काळ्या-उजळ पट्ट्या उमटतात. त्यावरून संगणक पेशीच्या जाडीचा नकाशा काढतो.

निरोगी तांबडी पेशी जेमतेम ७-८ मायक्रोमीटर रुंद, अंगठ्याने मधोमध दाबलेल्या पेढ्यासारखी. मलेरियाचा परजीवी शिरला की हा आकार बिघडतो. याच विभागातल्या अरुण आनंद, वाणी छनीवाल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अशा पेशी संगणकाने आपोआप ओळखण्याची पद्धत मांडली. त्याच वर्षी साध्या आरशाच्या मदतीने हा मायक्रोस्कोप आटोपशीर कसा करता येईल, तेही दाखवलं.

औषध संशोधनात याचा उपयोग? रंगद्रव्यं कधीकधी पेशीलाच बाधतात. रंगच नसेल तर औषध दिल्यावर जिवंत पेशी फुगते की आक्रसते, हे तासन्‌तास बघता येतं.

#बडोदा #विज्ञान_मराठीतून