सँपल पास झालं म्हणजे ऑर्डर आली असं नाही : कोल्हापूरचा अनिकेत, इंग्लंडचा क्लब आणि आपला धंदा



या वेळचा लेख फुटबॉलवर आहे. दचकू नका, शेवटी गाडी आपल्या धंद्यावरच येणार आहे.

तुम्हाला माहीतच आहे, नाशिकला माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. जून महिना म्हणजे आमचा सीझन. शाळा उघडतात, बूट-जर्सीची गर्दी असते. अशाच एका सकाळी सातपूरच्या कंपनीत नोकरी करणारे एक गृहस्थ आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलाला स्टडचे बूट हवे होते. बूट घेऊन झाले, बिल झालं, तरी गृहस्थ काउंटरवरून हलेनात. मग हळूच मोबाईल पुढे केला. "सर, तुम्ही धंदा शिकवता ना? हे जरा बघा."

मोबाईलवर एक चकाचक माहितीपत्रक होतं. इंग्लंडमध्ये दहा दिवस, नामांकित क्लबच्या मैदानावर ट्रायल, निवड झाली तर 'पुढची संधी'. खर्च साडेचार लाख. अकरा हजार बुकिंगचे भरून झाले होते आणि शनिवारपर्यंत पहिला हप्ता द्यायचा होता. त्यासाठी ते एफडी मोडायला निघाले होते. "पोरगं खरंच चांगलं खेळतं सर. भरू का?"

मुलगा माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता की 'हो' म्हणावं असंच वाटत होतं. पण मी म्हटलं, "दादा, दोन दिवस द्या. मला जरा वाचू दे."

त्या दोन दिवसांत जे वाचलं ते आज तुमच्यासमोर मांडतोय. कारण मोठ्या कंपनीचा व्हेंडर व्हायचं, एक्स्पोर्ट करायचं किंवा मॉलमध्ये माल लावायचा असं स्वप्न बघणारे तुम्ही आणि तो पोरगा, दोघं एकाच रांगेत उभे आहात.

आपला माणूस तिथपर्यंत गेला होता

अनिकेत जाधव हे नाव कोल्हापूरच्या वाचकांना सांगायची गरज नाही. वडील रिक्षाचालक. कोल्हापूर म्हणजे पेठापेठांतल्या तालमींच्या फुटबॉलचं गाव. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा यांचे सामने असले की गर्दी बघण्यासारखी असते. त्या मातीतून हा मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि तिथून भारताच्या सतरा वर्षांखालच्या संघात पोहोचला.

२०१७ मध्ये या वयोगटाचा वर्ल्ड कप आपल्याच देशात झाला. भारताचा पहिला सामना ६ ऑक्टोबरला दिल्लीत अमेरिकेशी होता. आपण ०-३ हरलो. त्या अमेरिकन संघाचा कर्णधार होता जॉश सार्जंट. पहिला गोल त्यानंच पेनल्टीवर केला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढे २०१९ मध्ये अनिकेत तीन महिन्यांसाठी इंग्लंडला, ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबमध्ये प्रशिक्षणाला गेला. गंमत बघा, हा क्लब कोणाचा? पुण्याच्या वेंकीजचा! अंडी आणि चिकनवाल्या आपल्या वेंकीज ग्रुपनं हा क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये विकत घेतला. हाच क्लब १९९५ मध्ये प्रीमियर लीगचा विजेता होता.

म्हणजे मुलगा कोल्हापूरचा, मालक पुण्याचे, गुणवत्ता वर्ल्ड कप खेळलेली. यापेक्षा चांगली ओळख कुठे मिळणार? तरीही तीन महिने झाले, अनिकेत परत आला आणि इंडियन सुपर लीगमध्ये जमशेदपूरकडून खेळू लागला. पुढे तो हैदराबादकडूनही खेळला. करिअर चांगलं उभं राहिलं, पण ते उभं राहिलं इथे, भारतात.

असं का? याचं उत्तर मैदानापेक्षा कागदात जास्त आहे.

दाराचा नियम

परदेशी खेळाडूला इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळायचं तर वर्क परमिट लागतं. क्लबला खेळाडू आवडला म्हणून ते मिळत नाही. अनिकेत तिथे गेला त्या काळात नियम साधारण असा होता : खेळाडूचा देश फिफाच्या क्रमवारीत पहिल्या ५० मध्ये हवा आणि त्यानं देशाच्या मुख्य संघाकडून ठरावीक टक्के सामने खेळलेले हवेत. भारत तेव्हा शंभराच्या आसपास होता. मुलगा कितीही पळाला तरी क्रमवारी त्याच्या पायात नव्हती.

सुनील छेत्रीचंही हेच झालं होतं. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सनं त्याच्याशी करार केला. करार, म्हणजे नुसती ट्रायल नाही! पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे देश पहिल्या ७० मध्ये हवा होता. भारत नव्हता. परमिट नाकारलं गेलं. ज्या माणसानं पुढे भारतासाठी ९० हून जास्त गोल केले, त्याला दारातून परत यावं लागलं.

जानेवारी २०२१ पासून, ब्रेक्झिटनंतर, गुणांची पद्धत आली. देशाकडून किती खेळलात, कोणत्या दर्जाच्या लीगमध्ये किती मिनिटं मैदानावर होतात, याचे गुण धरले जातात आणि साधारण १५ गुण लागतात. २०२३ पासून क्लबांना काही खेळाडूंसाठी थोडी सूट मिळाली आहे. पण मूळ हिशेब तोच : तुम्ही आधी कुठे, किती आणि कोणाविरुद्ध खेळलात ते दाखवा.

आता आपल्या सातपूरच्या पोराकडे या. त्याच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा नियम वेगळाच आहे. फिफाच्या नियमाप्रमाणे १८ वर्षांच्या आतल्या खेळाडूला दुसऱ्या देशाच्या क्लबमध्ये जाता येत नाही. अपवाद मोजके आहेत, उदाहरणार्थ आईवडील फुटबॉलसाठी नाही तर स्वतःच्या कारणानं त्या देशात राहायला गेले असतील तर. युरोपीय संघातल्या देशांना आपापसांत १६ वर्षांपासून सूट आहे, पण ब्रेक्झिटनंतर इंग्लंड त्यातून बाहेर पडलं.

म्हणजे पंधरा वर्षांचा मुलगा त्या दहा दिवसांत मेस्सीसारखा खेळला असता, तरी क्लबला त्याच्याशी करार करता आला नसता. साडेचार लाखांच्या माहितीपत्रकात हे एक वाक्य कुठेही नव्हतं.

अमेरिकन पोरं काय करतात?

तुम्ही म्हणाल, हे आपलं गरीब देशाचं रडगाणं झालं. तसं नाही. इंग्लंडच्या दारात श्रीमंत अमेरिकेची पोरंही उभी असतात आणि त्यांनाही हाच कागद आडवा येतो. फक्त त्यांच्यातल्या हुशार पोरांनी वाट वळवून काढली.

तो जॉश सार्जंट आठवतो? मिझुरी राज्यातला मुलगा. दिल्लीत खेळला तेव्हा १७ वर्षांचा होता. जर्मनीच्या वेर्डर ब्रेमेनशी बोलणं झालेलं होतं, पण १८ पूर्ण होईपर्यंत थांबावं लागलं. २०१८ मध्ये तो ब्रेमेनला गेला, जर्मन लीगमध्ये खेळला, अमेरिकेच्या मुख्य संघाकडून खेळला आणि मग २०२१ मध्ये इंग्लंडच्या नॉर्विच सिटीनं त्याला घेतलं. दिल्लीतल्या सामन्यापासून इंग्लंडपर्यंत चार वर्षं.

दुसरा क्रिस्टियन पुलिसिक. त्याचे आजोबा क्रोएशियाचे, त्यामुळे त्याला क्रोएशियाचा पासपोर्ट मिळाला. त्या जोरावर तो सोळाव्या वर्षीच जर्मनीच्या डॉर्टमुंडमध्ये गेला. २०१९ मध्ये चेल्सीनं सुमारे ६ कोटी ४० लाख युरो देऊन त्याला विकत घेतलं.

दोघांनीही इंग्लंडच्या दाराला धडका मारल्या नाहीत. आधी जिथे जाता येतं तिथे गेले, तिथे काम दाखवलं. मग इंग्लंडनं बोलावलं.

आता माझी चूक ऐका

हे सगळं वाचताना मला माझी २०१८ सालची गोष्ट आठवत होती. तेव्हा मी शाळेच्या आणि खेळाच्या बॅगा शिवून घ्यायचो. एका मोठ्या रिटेल साखळीच्या खरेदी विभागाला सँपल दाखवलं. त्यांना आवडलं. "क्वालिटी छान आहे, पुढे बोलू," असं म्हणाले. मी बीबीए झालेला माणूस, तरी एवढ्या वाक्यावर हवेत गेलो. घरी पेढे वाटले. कापड उधारीवर उचललं आणि चारशे बॅगा शिवून ठेवल्या.

मग व्हेंडर नोंदणीचा फॉर्म आला. त्यात तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद मागितले होते. माझ्या धंद्याला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालेलं. संपलं! बॅग तीच, क्वालिटी तीच, पण नोंदणी होणारच नव्हती. तो फॉर्म मी पहिल्याच दिवशी मागितला असता तर तेव्हाच कळलं असतं.

त्या बॅगा मी वर्षभर शाळांना आणि क्लासवाल्यांना जवळपास खरेदीच्या भावात विकल्या. कापडवाल्याची उधारी फेडायला बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या. सोडवून आणल्या, पण ते वर्ष ती विसरलेली नाही आणि मीही नाही.

त्या साखळीनं मला फसवलं नव्हतं. मीच सँपलला ऑर्डर समजलो होतो.

तुमच्यासाठी चार प्रश्न

कुठल्याही 'मोठ्या संधी'त पैसा घालण्याआधी हे चार प्रश्न कागदावर लिहा.

१. या दाराचा लेखी नियम काय आहे? माल चांगला असणं ही पहिली अट झाली. त्याशिवाय वय, उलाढाल, परवाना, प्रमाणपत्र, ताळेबंद काय लागतं? खाद्यपदार्थ विकणार असाल तर एफएसएसएआय, एक्स्पोर्ट करणार असाल तर आयईसी. नियम समोरच्याच्या तोंडून ऐकू नका, मूळ कागद मागवा आणि स्वतः वाचा.

२. मला नक्की काय विकलं जातंय? इंग्लंडला दहा दिवस फुटबॉल शिबिर ही चांगली गोष्ट असू शकते. मुलगा जग बघेल, चार गोष्टी शिकेल. परवडत असेल तर सहल म्हणून जरूर घ्या. पण सहलीला करिअरचा भाव देऊ नका. तसंच प्रदर्शनातला स्टॉल ही जाहिरात आहे, विक्रीची हमी नाही.

३. पैसा कोणाकडून कोणाकडे जातोय? ज्याला तुमचा माल खरंच हवा असतो, तो सहसा स्वतःच्या खिशात हात घालतो. ऑर्डर देणाराच जर आधी तुमच्याकडून पैसे मागत असेल, तर नीट बघा, कदाचित त्याचं गिऱ्हाईक तुम्हीच आहात.

४. हे दार बंद असेल तर आज कुठलं उघडं आहे? सार्जंटचं ब्रेमेन म्हणजे तुमच्यासाठी गावातली सोसायटी, जिल्ह्यातले तीन डीलर किंवा शाळेची छोटी ऑर्डर. तिथली बिलं, तिथला जीएसटी रिटर्न, तिथले वेळेवर दिलेले चलान, हेच तुमचे गुण. पंधरा गुण असेच जमतात.

आणि हो, ओळखीवर भरवसा ठेवताना ब्लॅकबर्न आठवा. मालक आपले असले तरी नियम तिथल्या फुटबॉल संघटनेचा आणि सरकारचा असतो. मालकांनाही ही गोष्ट महागात शिकावी लागली. क्लब घेतल्यावर दीड वर्षात, २०१२ मध्ये, तो प्रीमियर लीगमधून खाली घसरला, २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला आणि २०१८ मध्ये पुन्हा दुसऱ्या श्रेणीत चढला. विकत घेता येणं वेगळं, चालवता येणं वेगळं.

त्या पोराचं काय झालं?

दोन दिवसांनी बापलेक दोघं परत आले. मी नियम समोर ठेवले. म्हटलं, "दादा, त्यांना एकच प्रश्न लिहून विचारा. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, निवड झाली तर कुठल्या नियमाखाली करार होणार?"

त्यांनी विचारलं. आधी उत्तर आलं की 'या गोष्टी नंतर बघू'. मग फोन उचलणंच बंद झालं. अकरा हजार गेले ते गेलेच. एफडी मात्र शाबूत आहे.

मुलाला त्या दिवशी खूप वाईट वाटलं. बाप बोलत होता आणि तो दुकानातल्या बुटांच्या रॅककडे बघत उभा होता. मी त्याला अनिकेतचं सांगितलं. म्हटलं, तुझ्यासारख्याच साध्या घरातला मुलगा आहे. इंग्लंडला गेला तो भारताचा खेळाडू झाल्यावर, आणि परत आला तो भारतात व्यावसायिक फुटबॉल खेळायला. तू आधी जिल्ह्याच्या संघात ये, मग राज्याच्या. तुझे गुण तिथे जमणार आहेत.

तो काही बोलला नाही. अजूनही माझ्यावर थोडा नाराजच आहे असं त्याचे वडील सांगतात. पण जूनमध्ये घेतलेल्या बुटांचे स्टड दिवाळीआधीच झिजले आणि नवीन जोडी घ्यायला तो एकटाच आला होता. रोज सकाळी सरावाला जातो म्हणाला. मी दहा टक्के कमी लावले.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या डोक्यात जे सगळ्यात मोठं दार आहे, त्याची लेखी पात्रता यादी मिळवा. ज्या अटी आज पूर्ण होतात त्यांच्यापुढे बरोबरची खूण करा. ज्या होत नाहीत त्यांच्यापुढे तारीख लिहा. तारीख टाकता येत नसेल तर त्या दारासाठी आज एक रुपयाही खर्च करू नका, शेजारचं उघडं दार शोधा. ही यादी कशी बनवायची ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो. वही-पेन घेऊन बसा.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत धंदा जपा, घरचं भांडवल जपा!