गोळी आणि वजनकाटा
बेंगळुरूचं चामराजपेट 1892 साली आखलं गेलं. रस्ते सरळ, फिरायला उत्तम. पण नैराश्याच्या गोळ्यांनी चढलेलं वजन नुसत्या फिरण्यानं उतरेलच असं नाही. त्यातली मिर्टाझापिन ही गोळी मेंदूत हिस्टामिनचा संदेश अडवते. झोप येते, भूकही खवळते. तेव्हा बिसीबेळे भात पुन्हा वाढून घेणाऱ्याला हावरट म्हणणं हा निव्वळ अडाणीपणा. सगळ्या गोळ्या सारख्या नसतात: 2024 च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात सहा महिन्यांनी एस्सिटालोप्रामवाल्यांचं वजन सरट्रालिनवाल्यांपेक्षा सरासरी 0.4 किलोनं जास्त वाढलं; ब्युप्रोपिऑनवाल्यांचं सरट्रालिनवाल्यांहूनही कमी. काहींची भूक तर आजार ओसरल्यामुळेच परतते. गोळी परस्पर सोडली तर चक्कर, बेचैनी, शिवाय आजार उलटायची भीती. मानसिक आजारांवर उपचार करणारी निम्हान्स ही संस्था याच शहरात आहे. गोळी बदलता येईल का, हे डॉक्टरांना लवकर विचारावं.