वस्तीची नावे – ७ : पेठ

मागच्या आठवड्यात आळी पाहिली. एका धंद्याची माणसे शेजारी शेजारी घरे बांधत गेली की आळी होते. पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी तशीच. पेठ अशी आपोआप होत नाही. ती वसवावी लागते आणि त्यासाठी राज्यकर्त्याचा हुकूम लागतो.

आज पुण्यात कुणी ‘सदाशिव पेठेत राहतो’ म्हणाले की आपल्याला घरे आठवतात. पण पेठ म्हणजे मुळात बाजार. ‘बाजारपेठ’ या जोडशब्दात तो अर्थ अजून शाबूत आहे. हा शब्द आपल्याला दक्षिणेशी जोडतो : कन्नडमध्ये पेटे, तेलुगूत पेट, तमिळमध्ये पेट्टै. बंगळुरूचे जुने गाव म्हणजे किल्ल्याबाहेरची पेटेच, आणि तिथल्या अक्कीपेटेतला ‘अक्की’ म्हणजे तांदूळ. हैदराबादचे बेगमपेट, चेन्नईचे सैदापेट याच कुळातले. उत्तरेत याच कामाला ‘गंज’ हा फारसीतून आलेला शब्द चालतो. महाराष्ट्र दोन्हींच्या मध्ये, म्हणून पुण्यात गंज पेठ झाली, म्हणजे अर्थाने बाजार-बाजार. ही मिठाच्या व्यापाराची जागा, म्हणून ‘मीठगंज’ हे नावही तिथे टिकले. आता ती महात्मा फुले पेठ आहे.

पेठ वसवायची म्हणजे काय करायचे? मोकळ्या रानात दुकान थाटायला कुणी सहजी येत नाही. गिऱ्हाईक नाही, चोरांची भीती आणि वर कर. म्हणून सरकार कौल देई : इथे येऊन वसा, जागा घ्या, अमुक वर्षे कर माफ. ती मुदत सरली की हळूहळू आकारणी सुरू होई. गावाला जसे पाटील-कुलकर्णी, तसे पेठेला शेटे-महाजन. व्यापारी बोलावून आणायचे, वस्ती नांदती ठेवायची, सरकारचा वसूल पोचवायचा, ही शेट्यांची जबाबदारी. त्याबद्दल त्यांना वतन आणि दुकानांमागे ठरलेला हक्क मिळे. शेटे आणि महाजन ही आडनावे या व्यवस्थेची खूण आहेत. पुण्याची शुक्रवार पेठ पेशवाईत जिवाजीपंत खासगीवाल्यांनी वसवली, तीही व्यापाऱ्यांना करमाफी देऊनच. पेशव्यांच्या लढाया आपल्याला पाठ असतात. शहर उभे करण्याचे हे चिकाटीचे काम मात्र इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत उरकले जाते, याचे मला वाईट वाटते.

वारांच्या नावांचे काय? त्या त्या वारी बाजार भरे म्हणून ते नाव, असे सर्रास सांगितले जाते. आठवडी बाजारावरून गावोगावी नावे पडली आहेत, हे खरेच. पण पुण्यातल्या बहुतेक वारांच्या पेठांना आधीची नावे होती. शनिवार म्हणजे मुर्तजाबाद, रविवार म्हणजे मलकापूर, सोमवार म्हणजे शहापूर. बुधवारच्या जागी औरंगजेबाच्या काळातले मुहियाबाद होते. गुरुवारला जुनी माणसे वेताळ पेठच म्हणत. एकेका वस्तीला पुढे ओळीने वार मिळत गेले, ते पाहता नव्या राजधानीने आपल्या शहराची घडी बसवताना ही नावे दिली असावीत, असे मला वाटते. नंतरच्या पेठांवर माणसांची नावे आली : सदाशिवरावभाऊंची सदाशिव, नारायणरावांची नारायण, नाना फडणविसांची नाना, रास्ते सरदारांची रास्ता. कौलावर विश्वास ठेवून बैलांवर माल लादून जे पहिल्यांदा आले, त्या वाण्या-उदम्यांची नावे मात्र पेठांवर नाहीत.

ही रीत पेशवाईबरोबर संपली नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली. तिथे ‘पुरी’ म्हणतात, पण काम पेठेचेच. गुळाचा व्यापार कोल्हापुरात रुजावा, शेतकऱ्याला जवळ बाजार मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. त्या गुळाने कोल्हापूरचे नाव देशभर नेले.

पुण्यात घाऊक भुसार व्यापार पेठांतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला आणि नाना आणि भवानी पेठांतल्या गोदामांच्या जागी इमारती उठल्या. रविवार पेठेत मात्र आजही भांडी, कापड, सुकामेवा आणि लग्नाचा बस्ता घ्यायला जिल्ह्यातून माणसे येतात. सणाच्या आधी बोहरी आळीत शिरून पाहा, खांद्याला खांदा लागतो.

पुढच्या आठवड्यात : वाडी.